वाट पाहण्याचे वॅट

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत संगणकाची निवड ज्या निकषांवर होते, त्यांचा उल्लेख प्रोसेसरच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. माहितीपत्रकात गिगाहर्ट्झ असतात, कोअरची संख्या असते, कॅश मेमरी असते. मंचरच्या किंवा नारायणगावच्या दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक मात्र एवढेच विचारते की लाईट गेल्यावर हा किती वेळ तग धरील, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा याला त्रास होईल का, आणि भाच्याने बजावून सांगितलेले ‘ग्राफिक्स’ यात आतूनच आहे की वेगळे घ्यावे लागेल. जुन्या, कमी विजेवर चालणाऱ्या आणि अंगभूत ग्राफिक्स असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा तौलनिक अभ्यास या प्रश्नांपासून सुरू होतो, आणि ज्या अभियंत्यांनी हे प्रोसेसर घडवले त्यांना स्वप्नातही सुचली नसती अशा वळणांनी पुढे जातो.

आरंभी संज्ञांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. प्रोसेसर म्हणजे आकडेमोड करणारा, नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. या भागात ज्या लोखंडी पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हटले जाते, दुरुस्तीला नेताना जी मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर ठेवली जाते आणि खंडेनवमीला जिच्यावर हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली जाते, तिच्यात प्रोसेसरखेरीज इतरही पुष्कळ काही असते. क्वचित पालही असते. अंगभूत ग्राफिक्स म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम स्वतंत्र कार्डाकडे न सोपवता प्रोसेसरच्या, किंवा त्याच्या जोडीच्या चिपसेटच्या, पोटातच उरकण्याची सोय होय. अशा ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते संगणकाच्या मुख्य रॅममधून आपला वाटा उचलते, आणि म्हणूनच २ जीबी रॅमचे पैसे मोजलेल्या मालकाला पडद्यावर पावणेदोनच जीबी दिसल्यावर उरलेली पाव जीबी दुकानदाराने काढून घेतली असा जो त्याचा ग्रह होतो, तो चुकीचा असला तरी व्यवहाराच्या अनुभवाला सोडून नसतो.

तिसरी संज्ञा टीडीपी ही असून तिच्याइतका गैरसमज या विषयात दुसऱ्या कशानेही पसरवलेला नाही. प्रोसेसर सतत जोराने राबत असताना त्याची किती उष्णता पंख्याने आणि धातूच्या पात्यांनी वाहून न्यावी लागेल, याचा वॅटमध्ये दिलेला हा अंदाज आहे. महावितरणच्या मीटरवर महिन्याला किती युनिट पडतील याचे ते भाकीत नव्हे. तथापि ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे दिवसभर पेटलेला ६५ वॅटचा बल्ब, आणि १० वॅटचा प्रोसेसर म्हणजे देवघरातला झिरोचा दिवा, हे समीकरण दोन्ही तालुक्यांत इतके दृढ झाले आहे की त्याला धक्का देणारा मनुष्य वीज मंडळाचा हस्तक समजला जाण्याचा संभव आहे.

या समीकरणाला इतिहासही आहे. २००४ च्या सुमारास बाजारात आलेला, ‘प्रेस्कॉट’ या टोपणनावाचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ८४ ते ११५ वॅट टीडीपीचा होता, आणि त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची, म्हणजे ठरवून आणि न ठरवताही वीज बंद ठेवण्याची होती. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपासून बाजारपेठेच्या गावांपर्यंत निघाले होते. अशा वर्गाच्या एका खोलीत दहा पेंटियम आणि त्यांच्यासमोर दहा काचेचे मॉनिटर एकदम सुरू झाले की दीड-दोन किलोवॅट उष्णता निर्माण होई, ती घालवण्यासाठी पंखे लावावे लागत, पंख्यांमुळे जनरेटर मोठा घ्यावा लागे आणि जनरेटरच्या आवाजामुळे विद्यार्थ्यांना शिकवलेले ऐकू येत नसे, ज्याची तक्रार विद्यार्थ्यांनी केल्याचे आढळत नाही.

या पार्श्वभूमीवर जून २००८ मध्ये इंटेलने ‘ॲटम २३०’ हा अवघ्या ४ वॅटचा प्रोसेसर छोट्या मदरबोर्डावर कायमचा डकवून विकायला काढला, तेव्हा भारनियमनग्रस्तांना तो वरदानच वाटणे स्वाभाविक होते. मात्र या वरदानाची मांडणी मोठी चमत्कारिक होती. प्रोसेसर ४ वॅटचा असला तरी त्याच्या सोबतीला दिलेला ९४५जीसी हा जुना चिपसेट, ज्याच्या पोटात ग्राफिक्स होते, तो सुमारे २२ वॅटचा होता. परिणामी त्या मदरबोर्डावर प्रोसेसरच्या डोक्यावर नुसती धातूची पाती होती आणि पंखा मात्र चिपसेटला बसवलेला होता. पंख्याखाली प्रोसेसर असतो हा दुरुस्तीशास्त्राचा पहिला सिद्धांत शिकून आलेल्या कारागिराने मोठ्या निगुतीने चिपसेटलाच पेस्ट लावून ‘प्रोसेसर सर्व्हिस केला’ असे बिल फाडावे, ही या रचनेची अटळ परिणती होती. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ‘ॲटम डी५१०’ या १३ वॅटच्या प्रोसेसरात इंटेलने ग्राफिक्स प्रोसेसरच्याच तुकड्यात घेतले आणि सोबतची चिप दोन वॅटच्या घरात आणली, त्यामुळे पंख्याचा आणि मानाचा प्रश्न एकदमच मिटला.

वेगाचा प्रश्न मात्र मिटला नाही, कारण पहिल्या पिढ्यांच्या ॲटमचा खरा दोष वॅटमध्ये नसून शिस्तीत होता. या प्रोसेसरात सूचना ज्या क्रमाने येत त्याच क्रमाने पार पाडल्या जात. सरकारी कचेरीच्या खिडकीशी रांगेतल्या पहिल्या माणसाला आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पिटाळावे आणि तो परत येईपर्यंत, मागच्या सर्वांचे कागद पूर्ण असूनही, कारकुनाने कोणाचेच काम हाती घेऊ नये, अगदी तसे मेमरीतून एखादा आकडा येण्यास विलंब झाला की ॲटममधील मागच्या साऱ्या सूचना ताटकळत उभ्या राहत. मोठ्या प्रोसेसरांत हा प्रकार इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोपासूनच बंद केला होता. तेथे ज्याचे कागद पूर्ण त्याचे काम आधी होते आणि शेवटी निकाल तेवढे मूळ क्रमाने जाहीर केले जातात, म्हणजे रांगेचा मानही राहतो आणि खिडकीही रिकामी राहत नाही. ॲटमवर यावर उतारा म्हणून हायपर-थ्रेडिंग दिलेले होते, ज्यात कारकून एकच पण रांगा दोन असतात, आणि एक अडली की तो दुसरीकडे वळतो. दोन्ही रांगांतली पहिली माणसे झेरॉक्स आणायला गेली असतील तर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी डी५१० वर एकाच वेळी ब्राउझर आणि अँटिव्हायरस चालवून पाहिला त्यांना ठाऊक आहे.

इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स बनवणारी कंपनी विकत घेतली होती, आणि त्या खर्चाचे चीज म्हणून जानेवारी २०११ मध्ये ‘ई-३५०’ हा १८ वॅटचा प्रोसेसर आणला. १.६ गिगाहर्ट्झचे दोन कोअर, कागद पूर्ण असलेल्याला आधी घेण्याची पद्धत, आणि त्याच तुकड्यावर रेडिऑन जातीचे ग्राफिक्स, अशी त्याची घडण होती. अशा एकत्र कुटुंबाला एएमडी ‘एपीयू’ म्हणते. डी५१० आणि ई-३५० यांच्यातील भेद पाहण्यासाठी कोणत्याही चाचणीची आवश्यकता नव्हती, एखादे कीर्तन पुरत होते. मोठ्या आकाराच्या स्पष्ट व्हिडिओची गाठ सोडवण्याची, म्हणजे एच.२६४ या पद्धतीने आवळलेले चित्र उलगडण्याची यंत्रणा डी५१० च्या ग्राफिक्समध्ये नव्हती, त्यामुळे हा भार बिचाऱ्या कोअरवर पडे आणि बुवांचा अभंग पुढे जाऊन ओठ मागे राहत. ई-३५० च्या ग्राफिक्समध्ये ती यंत्रणा असल्याने बुवा, टाळकरी आणि मृदंग तिघेही एका लयीत दिसत. सप्ताहाच्या मंडपात कोणता प्रोसेसर न्यावा, याविषयी त्या काळी एकमत होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. इंटेलने २०१३ च्या अखेरीस ‘सेलेरॉन जे१९००’ हा चार कोअरचा, १० वॅटचा प्रोसेसर काढला आणि त्यात ॲटमच्या वंशातली झेरॉक्सची शिस्त मोडून काढली. एएमडीने एप्रिल २०१४ मध्ये ‘ॲथलॉन ५३५०’ हा २५ वॅटचा चार कोअरचा प्रोसेसर आणला, जो डकवलेला नसून सॉकेटमधून काढून बदलता येत असे. मात्र त्या सॉकेटसाठी पुढे मोठा प्रोसेसर कधी आलाच नाही, त्यामुळे बदलण्याची ही सोय लग्न ठरण्याआधीच हॉल बुक करण्याच्या मोलाची ठरली. शिवाय त्याला रॅमशी बोलायला एकच मार्ग होता, आणि ज्या ग्राफिक्सला रॅम उसनी घ्यावी लागते त्याला हे जाचक होते. ग्राफिक्समध्ये ॲथलॉन सरस आणि विजेत जे१९०० काटकसरी, असा निकाल जगभर लागला, आणि थोड्याच दिवसांत यूट्यूबने व्हीपी९ ही नवी आवळण्याची पद्धत रूढ करून दोघांनाही घाम फोडला, कारण ती उलगडण्याची यंत्रणा दोघांपैकी एकाच्याही ग्राफिक्समध्ये नव्हती.

आता हे प्रोसेसर प्रत्यक्षात काय करतात याकडे वळले पाहिजे. ग्रामपंचायतींचे व्यवहार संगणकावर आणणारा ‘संग्राम’ प्रकल्प २०११ च्या सुमारास सुरू झाला, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि दोन्ही तालुक्यांतील मोठ्या गावांत ई-सेवा केंद्रे स्थिरावली. ज्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, सातवाहन राणीने यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांच्या संख्या ब्राह्मी अंकांत कोरून ठेवल्या, आणि त्या काळाने झिजल्या असल्या तरी अद्याप ओटीपी न मागता वाचता येतात, त्याच तालुक्यात अर्ध्या एकराचा उतारा पाहण्यासाठी आज सर्व्हरची मर्जी सांभाळावी लागते. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज, पीकविम्याची मुदत, २०२४ च्या लाडकी बहीण योजनेची नोंदणी, अशा प्रत्येक लाटेत केंद्रचालक मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहिले, ते प्रोसेसर मंद होता म्हणून नव्हे. मध्यरात्रीनंतर सर्व्हरवरची गर्दी ओसरेल या आशेने.

या केंद्रांतील अंगभूत ग्राफिक्सने आजवर जे चित्र सर्वाधिक वेळ रेखाटले आहे, ते पडद्याच्या मधोमध फिरणाऱ्या वर्तुळाचे होय. हे वर्तुळ रेखाटण्यात ४ वॅटचा ॲटम आणि ६५ वॅटचा कोअर आय३ यांच्यात सूक्ष्म निरीक्षकालाही फरक दिसत नाही. किंबहुना ते फिरत असताना समोर बसलेल्या आजींना ‘बाळा, झालं का?’ असे विचारण्यासाठी लागणारा अवधी दोन्ही यंत्रांवर सारखाच असतो. जगातील सर्व चाचण्या प्रोसेसर किती वेगाने काम करतो हे मोजतात. तो किती उत्तम वाट पाहतो हे मोजणारी चाचणी कोणी तयार केलेली नाही, आणि दिवसातील बहुतांश वेळ सर्व्हरची, ओटीपीची, रेंजची, अंगठा उमटण्याची आणि चहाला गेलेल्या अर्जदाराची वाट पाहण्यात घालवणाऱ्या यंत्राचे मूल्यमापन त्यामुळे अपुरेच राहिले आहे. खुरपणीने आणि भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्राने ओळखावा, यासाठी तो ओल्या फडक्याने पुसून, कपाळाला लावून पुन्हा ठेवला जातो, तेव्हा तर प्रोसेसरला जवळजवळ पूर्ण विश्रांती असते.

आणि विश्रांतीच्या बाबतीत टीडीपीचे समीकरण पूर्णपणे कोलमडते. २०११ पासूनचे मोठे प्रोसेसर काम नसताना आपले भाग एकेक करून झोपवतात. त्यामुळे ज्याच्या टीडीपीपुढे ९५ वॅट लिहिलेले आहे असा कोअर आय५-२४०० हा प्रोसेसर असलेली कंपनीची आटोपशीर पेटी, तिच्यात चांगला वीजपुरवठा संच असल्यास, नुसती बसून असताना साधारण पंचवीस-तीस वॅट घेते. उलटपक्षी १० वॅटच्या जे१९०० ला दुकानदार सवयीने ‘४५० वॅट’ असे ठळक लिहिलेला स्वस्त एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा संच, जोडतो, आणि हा संच अत्यल्प भारावर इतका अकार्यक्षम असतो की त्या छोट्या प्रोसेसरची बरीचशी काटकसर तो उष्णतेच्या रूपाने मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. दोघांतला फरक मग दहा-पंधरा वॅटवर येतो, म्हणजे एका एलईडी बल्बवर, जो बहुतेक केंद्रांत भर दुपारीही चालूच असतो.

याचा अर्थ कमी वॅटला काही किंमतच नाही असा नव्हे. जुना पेंटियम ४ आणि काचेचा मॉनिटर बाद करून त्या जागी छोटे यंत्र आणले तर बचत खरी होते. सरासरी ४० वॅटचा फरक, दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर १२० युनिट वाचतात, आणि युनिटला दहा रुपये धरल्यास वर्षाकाठी १२०० रुपये. यूपीएसच्या बाबतीत तर हा फरक अधिकच जाणवतो. सर्वत्र आढळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तासांचा साठा असतो. १२० वॅटच्या भारावर तो कागदावर ४२ मिनिटे आणि ४० वॅटच्या भारावर दोन तासांहून थोडा अधिक पुरतो. प्रत्यक्षात बॅटरी जुनी असते, भार जितका मोठा तितकी ती लवकर दम टाकते, रूपांतरात काही साठा वाया जातो, आणि चाळीस मिनिटांची दहा मिनिटे होतात. परंतु छोट्या यंत्रावर निदान अर्ज ‘सेव्ह’ करून, अर्जदाराला समजावून, पुन्हा यायला सांगण्याइतका अवधी मिळतो.

अर्थात प्रोसेसरचे वॅट मोजून मोजून घेतल्यानंतर त्याच यूपीएसला लेझर प्रिंटर जोडण्याची प्रथा दोन्ही तालुक्यांत आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे शास्त्राला धरून होणार नाही. लेझर प्रिंटर कागदावर पूड वितळवून चिकटवतो, त्यासाठी आतला रूळ तापवतो, आणि त्या क्षणी शेकडो वॅट ओढतो. वीज गेली, यूपीएसने टी-टी सुरू केली, केंद्रचालकाने घाईने उताऱ्याची प्रत मागवली, की प्रिंटरचा रूळ तापू लागतो, यूपीएस एक लांब किंकाळी फोडतो आणि प्रोसेसर, मग तो ४ वॅटचा असो की ९५ वॅटचा, समान न्यायाने बंद पडतो.

जे१९०० ला खरा न्याय मिळाला तो दूध संकलन केंद्रावर. तेथे पहाटे आणि संध्याकाळी दोन-दोन तास गर्दी असते, हवेत ओल असते, काट्यावरचे वजन आणि फॅट-एसएनएफ दाखवणाऱ्या यंत्राचा आकडा संगणकात उतरवावा लागतो, आणि ही दोन्ही उपकरणे जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टला, म्हणजे नऊ टाचण्यांच्या खाचेला जोडली जातात. नव्या चकचकीत मदरबोर्डांनी ही खाच केव्हाच काढून टाकली, परंतु जे१९०० च्या कित्येक छोट्या मदरबोर्डांवर ती राहिली. शिवाय पंखा नसल्याने ओढून घ्यायला काही नव्हते: ना पेंडीची धूळ, ना उदबत्तीची राख, ना खंडेनवमीच्या झेंडूच्या पाकळ्या. फॅट ३.५ ऐवजी ३.४ का लागली, या वादात प्रोसेसरवर कधी कोणी संशय घेतला नाही, हा त्याच्या चारित्र्याचा मोठाच दाखला मानावा लागेल.

अंगभूत ग्राफिक्सची प्रतिष्ठा मात्र वाढली ती लग्नांमुळे. ज्या स्टुडिओंत हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चित्रण ‘मिक्सिंग’ होऊन पेन ड्राइव्हवर उतरते, तेथे एडियस ही प्रणाली दीर्घकाळ प्रिय राहिली आहे. इंटेलने जानेवारी २०११ च्या ‘सँडी ब्रिज’ पिढीपासून अंगभूत ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ ही व्हिडिओ आवळण्याची खास यंत्रणा घातली, आणि एडियसच्या मधल्या आवृत्त्या तयार चित्रफीत वेगाने बाहेर काढण्यासाठी तिच्यावरच विसंबून होत्या. पुढे २०१९ मध्ये इंटेलने आय५-९४००एफ सारखे, म्हणजे शेवटी ‘एफ’ लावलेले, अंगभूत ग्राफिक्स निष्क्रिय ठेवलेले प्रोसेसर थोडे स्वस्तात विकायला काढले. ज्याने मोठे ग्राफिक्स कार्ड घेतले, त्याला आतल्या दुबळ्या ग्राफिक्सची गरज काय, असा सरळ हिशेब करून ज्यांनी एफ घेतला, त्यांच्या लक्षात पहिल्याच लग्नसराईत आले की कार्डावर दिवे लागतात, पंखे फिरतात, खोली उजळते, परंतु शेजारच्या स्टुडिओतला कार्ड नसलेला जुना आय३ चित्रफीत आधी देतो. गरीब नातेवाइकाला वगळून काढलेल्या पत्रिकेचा असा परिणाम या भागात नवा नाही.

ग्राफिक्सविषयीच्या या चर्चेला खोडदचा उल्लेख केल्याशिवाय पूर्णता येत नाही, कारण नारायणगावजवळच्या त्या गावी असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण जुन्नर तालुक्यातच आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून असतात, आणि प्रत्येक तबकडीचा संकेत उरलेल्या प्रत्येकीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो, म्हणजे एका वेळी ४३५ जोड्यांचा हिशेब चालतो. दुर्बिणीच्या उन्नत रूपात हा गुणाकाराचा रगाडा ग्राफिक्स प्रोसेसरांवरच उपसला जातो. अवकाशातील स्पंदकांचा ठोका मोजणारे ग्राफिक्स आणि सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर वर्तुळ फिरवणारे ग्राफिक्स एकाच तालुक्यात, एकाच बाजारगावाच्या आसपास नांदतात, हे या भूमीचे वैभव होय. दोघांचे परस्परसंबंध मात्र सलोख्याचे नाहीत. दुर्बीण साधारण दीडशे ते चौदाशे मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकते, आणि संगणकाच्या मदरबोर्डावरच्या १०० किंवा १३३ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याच्या पटीतले आवाज नेमके त्याच पट्ट्यात पसरतात; म्हणून निरीक्षणाच्या ठिकाणचे संगणक धातूने बंदिस्त केलेल्या खोल्यांत ठेवावे लागतात. एखाद्या आकाशगंगेचा क्षीण उद्गार ऐकू पाहणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ॲटम काय आणि आय५ काय, दोघेही सारखेच गोंगाटखोर.

सध्या या तालुक्यांत येणारे बहुसंख्य संगणक हिंजवडी आणि खराडीच्या कचेऱ्यांतून निवृत्त होऊन पुण्याच्या बाजारातून पुणे-नाशिक रस्त्याने वर येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स ७९०, एचपीचे कॉम्पॅक ८२०० एलिट असे हे २०११ च्या पिढीचे कर्मचारी असून त्यांना विकताना त्यांच्यावर ‘गेमिंग’ अशी चिठ्ठी लावली जाते आणि प्रमाणादाखल २००३ चा व्हाइस सिटी हा खेळ चालवून दाखवला जातो. हा खेळ त्यांच्या अंगभूत ग्राफिक्सवर सुरेख चालतो यात संशय नाही, तो त्याआधीच्या जी४१ चिपसेटवरही चालत असे. घेणाऱ्याने खेळाऐवजी आत किती पट्ट्या रॅम आहे ते पाहावे, कारण या प्रोसेसरांना रॅमकडे जाणारे दोन मार्ग असतात, दुकानदार ८ जीबीची एकच पट्टी घालून एक मार्ग ओसाड ठेवतो, आणि उसन्या रॅमवर जगणाऱ्या ग्राफिक्सचे त्यात सर्वाधिक नुकसान होते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आहे की नाही, हा प्रश्न तर प्रोसेसरच्या नावाहून मोठा आहे. फिरत्या हार्ड डिस्कचा आय५ सकाळी सुरू होईपर्यंत एसएसडी लावलेल्या जे१९०० वर दुधाची पहिली पावती छापून झालेली असते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटींनुसार या लेखात नावाने आलेल्या प्रोसेसरांपैकी एफवाला आय५ वगळता एकही पात्र ठरत नाही. ॲटम डी५१० आणि कोअर २ ड्युओ यांवर तर तिच्या अलीकडच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत, कारण त्यांना लागणारी एक सूचना या प्रोसेसरांना माहीत नाही. तेव्हा निर्णय असा: डी५१० वर यापुढे एक रुपयाही खर्च करू नये, ई-३५० कीर्तनापुरता ठेवावा, पंखा आणि धूळ यांची जेथे गाठ पडते त्या डेअरीत लिनक्स घालून जे१९०० बसवावा, आणि ई-सेवा केंद्राने कंपनीची जुनी आय३ किंवा आय५ पेटी, एसएसडी आणि रॅमच्या दोन पट्ट्यांसह, टीडीपीचा आकडा न वाचता घ्यावी. घेताना मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत एवढे झाकण उघडून पाहावे, यूपीएसची बॅटरी नवी टाकावी, आणि लेझर प्रिंटरची पिन कृपा करून भिंतीतल्या सॉकेटला लावावी.